युरियावाल्या साळवेबाई

साळवेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या भर उन्हात स्टुलावर बसून एका पांढऱ्या टाइलकडे बघत होत्या. बाथरूमला लावतात तसली साधी टाइल, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. तिच्यावर चार थेंब वाळत घातले होते आणि प्रत्येक थेंबाखाली पेन्सिलीने आकडा लिहिला होता. मी विचारलं, "साळवेंचं गॅरेज हेच का?"

"हेच. थांबा जरा, तिसरा वाळतोय."

मी थांबलो. घाटकोपरला असल्फाच्या चढावर, दोन भिंतींच्या मधे पत्रा टाकून केलेलं ते गॅरेज. आत खुर्चीवर एक बारीकसे गृहस्थ टॉवेल खांद्यावर टाकून बसले होते. ते त्यांचे यजमान, बबनराव. चारपाच मिनिटांनी बाईंनी टाइल माझ्यासमोर धरली. "हा बघा. कडेला पिवळट वळं राहिलंय ना? नळाचं पाणी मिसळलंय कुणीतरी. आता बोला."

मी काय बोलणार होतो, ते सांगायचं तर आधी माझ्या गाडीचं सांगायला हवं.

माझी बायको नीला हिच्या मणक्याची दोन ऑपरेशनं झाली. त्यानंतर तिला वीस मिनिटांच्या वर बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. तिचं माहेर देवगडच्या बाजूला. आई तिथे एकटी, ऐंशीच्या पुढची, तिला मुंबईचा प्रवास झेपत नाही. मायलेकींची तीन वर्षं भेट नव्हती. रेल्वेने न्यायचा प्रयत्न आम्ही एकदा केला आणि पनवेलहून परत आलो. अॅम्ब्युलन्सचं मी सुचवलं तेव्हा नीला म्हणाली, "आईच्या दारात अॅम्ब्युलन्स उभी करू नकोस. मला बघायच्या आधीच ती हातपाय गाळेल." म्हणून मी निवृत्त झाल्यावर एक मोटारहोम करून घेतली. मिनीबसच्या चासीवर बांधलेलं फिरतं घर म्हणा ना. आत खरा पलंग, छोटी मोरी, ओटा, पाण्याची टाकी. आयुष्यभर मी ड्रॉइंग बोर्डावर यंत्रांचे आराखडे काढले, त्यामुळे आतल्या प्रत्येक इंचाचं चित्र मीच काढून दिलं होतं. मुलुंडला आमच्या सोसायटीत ती उभी राहिली तेव्हा मुलं तिला घरगाडी म्हणायला लागली.

देवगडला निघायच्या आठवडाभर आधी डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला आणि खाली अक्षरं आली, की इतक्या किलोमीटरनंतर इंजिनाची ताकद कमी होईल. ती खरोखरच झाली. भांडुपच्या पुलावर गाडी अशी रांगायला लागली की पायी जाणारा माणूस पुढे गेला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने एक सेन्सर बदलला, दोन दिवस ठेवून घेतली आणि परत दिली. सोसायटीच्या दाराशी पोचेपर्यंत दिवा पुन्हा लागला. तिथल्याच एका मेकॅनिकने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, असल्फाला युरियावाली बाई आहे. तिच्याकडे न्या. आमच्याकडे सांगू नका मी सांगितलं म्हणून."

नव्या डिझेल गाड्यांत डिझेलच्या टाकीशिवाय आणखी एक छोटी टाकी असते. तिच्यात युरिया आणि शुद्ध पाणी यांचं द्रावण असतं. ते धुराच्या नळीत बारीक फवाऱ्याने उडतं आणि धुरातला विषारी वायू निवळतो. ड्रायव्हर लोक त्याला सरळ युरिया म्हणतात. हे द्रावण बिघडलं, सांडलं, वाळलं की गाडी आधी कुरकुरते, मग हट्टाला पेटते. मुंबईतल्या बहुतेक मेकॅनिकना ते नकोसं वाटतं. साळवेबाईंचं पोट त्यावरच चालायचं.

त्या मूळच्या गॅरेजवाल्या नव्हत्या. एका कॉलेजच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत त्या बावीस वर्षं अटेंडंट होत्या. बाटल्या धुवायच्या, द्रावणं करायची, लेबलं लावायची. बबनराव डिझेल पंपांचे मिस्त्री. त्यांना दम लागायला लागला तशी बाईंनी लवकर निवृत्ती घेतली आणि गॅरेजात येऊन बसायला लागल्या. त्याच सुमाराला युरियाच्या गाड्या आल्या. बबनराव मला म्हणाले होते, "मी पहिली टाकी उघडली आणि विमलला म्हटलं, हे माझ्या बापाच्याने व्हायचं नाही. ती म्हणाली, सरका. हे तर आमचंच आहे."

गॅरेजात लेबल नसलेली वस्तू नव्हती. स्पॅनरचा खोका, फडक्यांचे दोन ढीग, चहाची साखर, सगळ्यांवर पांढऱ्या पट्टीवर निळ्या शाईतलं गोल अक्षर. फडक्यांच्या एका ढिगावर ‘डिझेल’, दुसऱ्यावर ‘युरिया’. एकाचं फडकं दुसऱ्याला लावलं की बाई सरळ ते फडकं उचलून कचऱ्यात टाकत. टाइलवर थेंब वाळवणं ही त्यांची आपली सवय होती, खरं माप त्या बोटभर लांबीच्या एका दुर्बिणीसारख्या यंत्रातून घ्यायच्या. कुणी म्हटलं, "बाई, अंदाजे दहा लिटर असेल," तर त्या म्हणायच्या, "अंदाज घरी. इथे माप सांगा."

माझी गाडी बबनरावांनी मागेपुढे करत आत घेतली. बाईंनी टाकीतला थेंब यंत्रावर टाकला, डोळ्याला लावला, आणि एक शाळेची वही उघडली.

"टाकीत पाणी आहे. कुणी भरलं?"

गाडी बांधणाऱ्याने प्यायच्या पाण्याच्या नळीचं तोंड आणि युरियाच्या टाकीचं तोंड एकाच बाजूला, वीतभर अंतरावर दिलं होतं. दोन्हींची झाकणं निळी. मी म्हटलं, "आमचा वॉचमन आहे, शिवराम. पाण्याचा पाइप तोच लावतो. त्याच्या हातून झालं असणार."

"किती भरलं?"

"ते त्यालाच माहीत."

"मग त्याला बोलवा."

"तो ड्युटीवर आहे. आणि आता जे झालं ते झालं ना, बाई. तुम्ही टाकी रिकामी करून टाका."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सावंत, पाणी किती गेलं आणि त्यानंतर इंजिन किती वेळ चाललं, यावर ठरतं की पाणी फक्त टाकीत आहे, का फिल्टर-पंप ओलांडून पुढे गेलंय. पुढे गेलं असेल तर मला धुराची नळी उतरवावी लागेल. नसेल तर उगाच उतरवणार नाही. कोणाला ओरडायचंय म्हणून नाही विचारत. चुकीचं सांगितलंत तर माझं काम चुकेल."

बबनराव खोकले. रस्त्यावरून एक टेम्पो चढ चढत गेला. मी त्या दोन निळ्या झाकणांकडे बघितलं. मग म्हटलं, "मी भरलं. घाईत होतो. अर्ध्या मिनिटात तोंडापर्यंत आलं तेव्हा कळलं की चुकीच्या टाकीत जातंय. पाणीच तर आहे म्हणून झाकण लावून टाकलं."

त्यांनी मान वर केली नाही. "अर्धं मिनिट म्हणजे किती? तो पाइप लावा, ही बादली घ्या, त्या दिवशी सोडलं तसं पाणी सोडा. मी घड्याळ बघते."

तीनदा भरून दाखवलं. त्यांनी मापाच्या भांड्याने मोजलं आणि वहीत लिहिलं. मग वही माझ्याकडे फिरवली. ‘नळाचं पाणी, सहा लिटर, मालकाच्या हातून, चुकून.’

"हे लिहायलाच हवं का?" मी विचारलं.

"लॅबमध्ये बाटली कुणाच्या हातून फुटली ते आम्ही लिहायचो. शिक्षेसाठी नाही. पुढचा माणूस अनवाणी यायला नको म्हणून."

शिवरामबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. पण त्या आठवड्यात मी, चुकीच्या टाकीत पाणी त्याने भरलं म्हणून, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे त्याची तक्रार केली होती आणि त्याला पुढच्या गेटवरून मागच्या, कचऱ्याच्या गेटवर टाकलं होतं. त्या संध्याकाळी मी सेक्रेटरीकडे जाऊन खरं सांगितलं, आणि मग शिवरामकडे गेलो. तो म्हणाला, "मला माहीत होतं साहेब. मी पाइप गुंडाळायला आलो तेव्हा झाकण ओलं होतं." एवढंच. दुसऱ्या दिवशी तो पुढच्या गेटवर होता, पण पाण्याचा पाइप मी स्वतः लावायला लागलो. त्याला ते काम सांगायची हिंमत बरेच दिवस झाली नाही.

गाडी पाच दिवस गॅरेजात होती. मी रोज जायचो. काम बघत बसण्याची मला सवय आहे आणि बाईंना त्याचा त्रास नसे. त्यांनी टाकी उतरवली, शुद्ध पाण्याने तीनदा विसळली, चौथ्यांदा ताज्या युरियाने विसळून तोही फेकून दिला. फवाऱ्याचं तोंड बाहेर काढलं तेव्हा त्याच्यावर पांढरे खडे चढलेले होते, भांडुपच्या मिठागरात कडेला चढतात तसे. मी स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला. बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "खरवडायचं नाही. भोक वाकडं झालं की फवारा वाकडा. हे मीठ आहे, सावंत. कोमट पाण्यात बसवा, स्वतःहून सुटेल." आणि त्याला काचेच्या वाटीत घालून वर लेबल लावलं: ‘हात लावू नये.’

याच दिवसांत राणे आले. अंधेरीला शूटिंगसाठी व्हॅनिटी व्हॅन भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा. सहा गाड्या, सहाही युरियाने त्रासलेल्या. माणूस सरळ वाटला, ओरडणारा नव्हता. आल्या आल्या म्हणाले, "बाई, माझं ऐका. साफसफाई नको, सेन्सर नको. तो डबा मिळतो ना, तो लावून द्या सगळ्यांना."

डबा म्हणजे एक छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र. ते लावलं की युरियाची यंत्रणा बंद असली तरी गाडीच्या मेंदूला खोटा निरोप जातो की सगळं व्यवस्थित आहे. दिवा जातो, ताकद येते, आणि धूर न निवळता बाहेर पडतो.

"मी डबा लावत नाही," बाई म्हणाल्या.

"शूटिंगच्या जागेवर गाडी दिवसभर उभी असते हो. चालते किती? कोणाला काय फरक पडतो?"

"तिच्या मागे स्पॉटबॉय खुर्च्या टाकून बसतात, त्यांना पडतो."

"तुम्ही नाही लावला तर दुसरा लावेल."

"लावेल की. त्याच्या वहीत तो लिहील."

राणे हसले, नमस्कार करून गेले. सहा गाड्यांचं काम गेलं हे बबनरावांना लागलं असावं, कारण ते बराच वेळ टॉवेलची घडी घालत आणि मोडत बसले. मी विचारलं, "बाई, एवढं कशाला?" तर त्यांनी सहज सांगितलं की घाटकोपरचं घर रस्ता रुंद करताना गेलं तेव्हा त्यांना माहुलला, रिफायनरीच्या धुराड्यांजवळ, खोली मिळाली होती. सात वर्षं राहिले. "उन्हाळ्यातपण खिडक्या लावून झोपायचो. यांची छाती तिथे गेली."

खुर्चीतून बबनराव म्हणाले, "तिचं सगळं खरं मानू नका. मी बिड्यापण ओढल्यात. भरपूर."

"ओढल्या ना," बाई म्हणाल्या. "बिड्या सोडवल्या मी. हवा कशी सोडवणार होते?"

दोघंही हसले. मला वाटतं हा संवाद त्यांच्यात पुष्कळदा झाला असावा, कारण दोघांनाही आपापली वाक्यं पाठ होती.

गाडी झकास चालायला लागली. देवगडच्या आधी जवळची एक फेरी करून बघा, असं बाईंनीच सुचवलं. आम्ही रस्त्याने भाईंदरकडून वळसा घालून गोराईला गेलो. ओळखीच्या एका फर्नांडिसबाईंच्या वाडीत माडांखाली गाडी उभी केली. नीलाने पलंगावर पडल्या पडल्या खिडकीतून दोन दिवस समुद्र बघितला. तिसऱ्या दिवशी सकाळी निघायला म्हणून किल्ली फिरवली आणि तोच पिवळा दिवा लागला.

मी बाईंना फोन केला. आवाज माझा चांगला नव्हता. "टो करून आणू का?"

"हलवू नका. काहीही करू नका. मी येते."

घाटकोपरहून बोरिवली, तिथून खाडीच्या धक्क्यावर, मग होडीने पलीकडे, मग रिक्षा. दुपारी बाराच्या सुमाराला त्या वाडीच्या फाटकातून आत आल्या. नऊवार नव्हे, साधी सुती साडी, पदर खोचलेला, पायात बूट. एका हातात शुद्ध पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात भाजीच्या पिशवीत चहाची विजेची किटली आणि तपासणीचं यंत्र. कॅनवर लेबल होतं: ‘पिण्याचे नाही.’ होडीत एक बाई पोराला पाजायला पाणी मागत होती, तेव्हा उपयोगी पडलं, असं त्यांनी सांगितलं.

गाडीकडे न बघता आधी त्या आत नीलाजवळ गेल्या. त्यांची ही पहिलीच भेट. नीला म्हणाली, "ताई, यांना रागावू नका. हे आधीच घाबरलेत."

"मी कशाला रागावू? घाबरलेला माणूस सगळं खरं सांगतो." मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, "चालू करा. दहा मिनिटं ठेवा. मग बंद करा. रोज करता तसं. काही वेगळं नको, अगदी रोजच्यासारखं."

मी तसं केलं. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, खाली उतरलो, आणि दाराजवळच्या फळीखालचा लाल खटका सवयीने दाबला.

"हे काय दाबलंत?"

"मेन स्विच. बॅटरीचा. बॉडीवाल्याने सांगितलंय, उभी केली की लगेच बंद करा, नाहीतर आतले दिवे-पंखे बॅटरी खातात."

बाईंनी खटका परत वर करायला लावला, इंजिन पुन्हा सुरू करून बंद करायला लावलं, आणि माझा हात धरून टाकीच्या बाजूच्या पंपावर ठेवला. "आता खटक्याला हात लावू नका. काय लागतंय हाताला?"

इंजिन बंद होतं, तरी पंप बारीक थरथरत होता. मिनिट झालं, थरथर चालूच. मग हळूहळू थांबली.

"गाडी बंद झाल्यावर तो नळीतला युरिया मागे टाकीत ओढून घेतो. म्हणजे नळीत काही वाळायला नको. तुम्ही रोज त्याचं काम अर्ध्यावर तोडता. नळीत राहतं, वाळतं, दगड होतो. दोन मिनिटं थांबायचं, मग खटका."

आतून नीला म्हणाली, "माझं जेवण संपायच्या आत ताटपण असंच उचलतात हे."

साळवेबाईंना हसू आवरलं नाही. पण हसता हसता त्यांनी वही काढली आणि उभ्यानेच लिहिलं. मी वाचलं: ‘मेन स्विचबद्दल विचारलं नाही. माझी चूक.’ मी म्हटलं, "यात तुमची कसली चूक?" त्या म्हणाल्या, "घरासारखी गाडी आहे हे मला दिसत होतं. घरात मेन स्विच असतोच. विचारायला हवं होतं."

किटलीत पाणी कोमट करून त्यांनी नळी धुतली, गाडी चालण्याजोगी केली. पण पंपाचा आवाज त्यांना आवडला नाही. आमच्याबरोबर त्याच गाडीतून त्या घाटकोपरला आल्या, नीलाच्या पायाशी बसून. दोघी वाटभर माशांवर बोलत होत्या.

दुसऱ्याच दिवशी देवगडहून नीलाच्या चुलतभावाचा फोन आला. सासूबाई अंगणात पडल्या होत्या. खुब्याला मार होता, अंथरुणाला खिळल्या होत्या आणि वारंवार नीलूचं नाव घेत होत्या. आणि इकडे पंप उघडल्यावर आतपर्यंत खडे निघाले. नवा पंप यायला तीन आठवडे लागणार होते.

मी बाईंसमोर जाऊन उभा राहिलो. "बाई, डबा लावा. फक्त जाऊन येतो. आल्यावर तुमच्यासमोर काढून फेकतो."

"नाही."

"माझी सासू मरणाच्या दारात आहे."

"कळतंय मला."

"तुम्हाला काय जातंय सांगायला? माहुलची हवा माझ्या एका गाडीने बिघडणार आहे का?"

हे बोलायला नको होतं. बबनरावांनी खुर्चीतून माझ्याकडे बघितलं. बाईंचा चेहरा क्षणभर कोरा झाला, पण आवाज चढला नाही. "हवेचं सोडा. डबा लावला की ही गाडी तुमच्याशी खोटं बोलायला लागेल. सगळं ठीक आहे असंच सांगत राहील. उद्या घाटात खरोखर काही अडलं, तर ती तुम्हाला कळवणार नाही. आत बायको आडवी आहे, तिला उठून पळता येत नाही. अशा गाडीत मी तिला बसवणार नाही. मला चार दिवस द्या."

"तीन आठवड्यांचं काम चार दिवसांत कसं होणार?"

"नवा पंप तीन आठवड्यांनी येईल. मी जुना सोडवते."

त्या चार दिवसांत मी त्यांना जे करताना बघितलं, तसं काम मी माझ्या नोकरीत क्वचितच पाहिलं. पंपाचे बारीक भाग त्यांनी काचेच्या भांड्यांत कोमट शुद्ध पाण्यात ठेवले. दर तासाला पाणी बदलायचं. पाणी निवलं की खडा सुटत नाही आणि जास्त तापलं तर रबर जातं, म्हणून थर्मामीटर बुडवलेला. प्रत्येक वेळी काढलेल्या पाण्याचा थेंब काचेच्या पट्टीवर वाळवायचा आणि किती पांढरं उरतं ते बघायचं. पहिल्या दिवशी जाड थर उरायचा. दुसऱ्या दिवशी पातळ. तिसऱ्या दिवशी दुपारी एक भाग हातातून सटकला, त्याची रबरी कडी फाटली. त्यांनी पायात चप्पल घातली, कडी कागदात गुंडाळली आणि साकीनाक्यापासून सगळी दुकानं पायी धुंडाळली. संध्याकाळी तसल्याच मापाची कडी घेऊन आल्या, पण लावली नाही. आधी ती वाटीत युरियात बुडवून ठेवली. "फुगते का बघू दे सकाळपर्यंत. फुगणारी असेल तर वाटेत फुगण्यापेक्षा इथे फुगलेली बरी."

कडी फुगली नाही. चौथ्या दिवशी पंप चालला. बाईंनी गाडी पंधरा वेळा चालू-बंद करायला लावली आणि प्रत्येक वेळी पंपावर हात ठेवून दोन मिनिटं डोळे मिटून उभ्या राहिल्या. सोळाव्या वेळी म्हणाल्या, "न्या."

मी माफी मागायला गेलो तर म्हणाल्या, "खटका लक्षात ठेवा, झालं," आणि हात धुवायला वळल्या.

देवगडला आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो, वाटेत तीनदा थांबून. दिवा लागला नाही. नीलाला खुर्चीत बसवून माजघरात नेलं. सासूबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "इलंस गो बाय? खुपसो उशीर केलंस." दोघींनाही बसवत नव्हतं. शेवटी नीलाच्या चुलतभावाने दोन बाजा एकमेकींना चिकटवून लावल्या आणि मायलेकी सतरा दिवस शेजारी शेजारी पडून राहिल्या. त्या काय बोलत होत्या ते मला माहीत नाही. मी अंगणात असायचो. सासूबाई त्यानंतर सहा महिने होत्या, आणि आम्ही आणखी दोनदा जाऊन आलो.

त्या काळात मी साळवेबाईंकडे फारसा गेलो नाही. गाडी बिघडत नव्हती, हे एक कारण. बबनराव गेल्याचं मला महिन्याभराने कळलं. भेटायला गेलो तेव्हा बाई काम करत होत्या. खुर्ची होती तिथेच होती. त्यांनी मला चहा दिला, गाडीची चौकशी केली, नीलाची केली. बबनरावांबद्दल एवढंच म्हणाल्या, "शेवटच्या दिवशीपण विचारत होते, टेम्पोवाल्याची गाडी दिली का." गॅरेजाच्या बाहेर दोन गाड्या रस्त्यावरच उभ्या होत्या आणि बाई तिथेच, उन्हात, बोनेट उघडून काम करत होत्या. आत जागा रिकामी होती. मला ते जरा विचित्र वाटलं, पण मी विचारलं नाही.

त्यानंतर दोनतीन महिन्यांनी मी रिक्षाने असल्फाच्या चढावरून जात होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. पुढे सगळं अडलेलं. मी डोकं बाहेर काढून बघितलं तर चढाच्या मधोमध ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी बंद पडली होती, मागे लाल अक्षर लावलेलं. मागच्या रिक्षा, टेम्पो, पाण्याचा टँकर, सगळे हॉर्नवर हात ठेवून. माझा रिक्षावाला म्हणाला, "कोण बाई आहे यार. ह्या वयात कशाला शिकतात."

चालवणारी बाई म्हणजे साळवेबाई होत्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की एवढ्या दिवसांत मी त्यांना एकदाही स्टिअरिंगवर पाहिलं नव्हतं. गाड्या आत-बाहेर करायचे ते बबनराव. आता ते काम करायला कोणी नव्हतं.

शिकवणारा तरुण घामाघूम झाला होता. त्याने स्टिअरिंगकडे हात नेला, बहुतेक म्हणत असावा की मावशी, उतरा, मी काढतो. बाईंनी तो हात बाजूला केला. हॉर्न वाढले. त्यांनी किल्ली फिरवली, गाडी फूटभर मागे सरकली, मागचा टेम्पोवाला ओरडला, गाडी पुन्हा बंद. त्यांनी मागे पाहिलं नाही. पाठ ताठ, दोन्ही हात चाकावर, मान जराशी एका बाजूला, इंजिनाकडे कान लावलेला. पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा बंद. मी रिक्षातून उतरायला निघालो होतो, त्यांना हाक मारावी, मागच्यांना थांबवावं, असं मनात होतं. पण उतरलो नाही.

तिसऱ्यांदा त्यांनी किल्ली लगेच फिरवली नाही. हॉर्न वाजत असताना त्या थोडा वेळ नुसत्या बसल्या. मग गाडी सुरू झाली, थरथरली, जागच्या जागी धरून राहिली, आणि हळूहळू, कडेला न जाता, आपल्याच रांगेतून चढ चढायला लागली.